गोळीच्या आधी सुई

गुडघा बदललेल्या माणसाची जखम ओली राहिली की घरात काय काय बोललं जातं ते मला आता पाठ झालंय. टाका पिकला असेल. उष्णतेने झालं असेल. साखर वाढली असेल, म्हणून भरत नाहीये. मग कोणीतरी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून पाच दिवसांच्या गोळ्या आणतं, जखम सुकल्यासारखी होते आणि सगळ्यांच्या जिवात जीव येतो. काही आठवड्यांनी तीच जखम पुन्हा वाहायला लागते. या वेळच्या गोळ्या "जरा स्ट्राँग" असतात.

मला सांगायचंय ते एवढंच, पण नीट सांगायचंय म्हणून लांबलचक लिहितेय. बदललेल्या गुडघ्यातून किंवा खुब्यातून काही वाहत असेल, तर पहिली गोळी पोटात जायच्या आधी सांध्यात सुई जायला हवी. आतलं पाणी निघून लॅबमध्ये पोचायला हवं. हा क्रम उलटला की पुढे फार महागात पडतं. आमच्या आत्याच्या बाबतीत तेच झालं.

मी डॉक्टर नाही. वीसेक वर्षं पुण्यात मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. पेशंटचा चेहरा मला दिसत नाही, मला दिसते ती जंतू वाढवायची प्लेट आणि तिच्यासोबत आलेला फॉर्म. फॉर्मवर एक रकाना असतो: सध्या चालू असलेली अँटिबायोटिक्स. तो बहुतेक वेळा रिकामा येतो. फोन करून विचारलं की कळतं, दोन झाली, तिसरं चालू आहे.

अँटिबायोटिक हा विषय आमच्या घरात मी शाळेत जायच्या आधीपासूनचा. बाबा पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये होते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने 1954 साली उभी राहिलेली ही सार्वजनिक क्षेत्रातली पहिली औषध कंपनी. आम्हा कॉलनीवाल्यांची ती नुसती "एचए". बाबा फर्मेंटेशनला शिफ्टमध्ये असायचे. पेनिसिलीनच्या टाकीत एखादा परका जंतू शिरला तर अख्खी बॅच फेकून द्यावी लागते, हे त्यांनी जेवताना सांगितलेलं माझं पहिलं मायक्रोबायोलॉजी. त्या पेनिसिलीनला आज माझ्या प्लेटवरचा स्टॅफ, म्हणजे स्टॅफिलोकॉकस हा जंतू, क्वचितच दाद देतो. पेनिसिलीनला पुरून उरणाऱ्या स्टॅफसाठी मेथिसिलीन आलं, आणि 1961 साली इंग्लंडमधून त्यालाही न जुमानणाऱ्या जंतूंची नोंद आली. औषध बाजारात येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती.

आता आत्या. वय अडुसष्ट, मधुमेह आहे, गोळ्यांवर आटोक्यात असतो. सगळा संसार सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या वरच्या मजल्यावर झाला. वाडा पाडायला काढला तेव्हा ती सिंहगड रोडला दादाकडे, म्हणजे माझ्या आतेभावाकडे राहायला आली. लिफ्ट नशिबात आली तोवर दोन्ही गुडघे झिजून गेले होते. रात्री झोपेत कूस बदलताना ती कळवळायची. दिवाळीनंतर उजवा गुडघा बदलला. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभी राहिली, आठवड्याभरात घरातल्या घरात फिरायला लागली. या ऑपरेशनबद्दल माझ्या मनात काही अढी नाही, उलट आहे तो आदरच. सांधा बदलल्यावर त्यात जंतू शिरण्याचं प्रमाण जगभर साधारण एक ते दोन टक्के आहे. म्हणजे बहुतेकांचं चांगलंच होतं. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी 1960 च्या दशकात खुबे बदलायला सुरुवात केली तेव्हा हे प्रमाण सातेक टक्के होतं. त्यांनी ऑपरेशन थिएटरमधली हवा गाळून घ्यायला, सर्जनच्या अंगावर वेगळे झगे चढवायला सुरुवात केली आणि ते एक टक्क्याच्या खाली आणलं. पुढच्या सगळ्यांनी त्याच पायावर काम केलंय.

आत्याच्या जखमेचं खालचं टोक मात्र सुकेना. वहिनी क्रेप बँडेज सोडायची तेव्हा आतल्या गॉजवर रुपयाएवढा पिवळसर डाग असायचा. रक्त नाही, पू म्हणावा असाही नाही, नुसता चिकट ओलावा. ताप नाही. ज्या हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन झालं तिथे फोन केला तर सर्जन परदेशी परिषदेला गेलेले. ज्यांनी फोन घेतला त्यांनी ड्रेसिंग चालू ठेवा म्हणून सांगितलं. मग घराजवळच्या डॉक्टरांकडे. त्यांनी "टाक्याची रिअ‍ॅक्शन" म्हणून सेफिक्झिम दिलं. ओलावा थोडा कमी झाला, पुन्हा आला. मग ऑगमेंटिन. मग लिनेझोलिड. मध्येच एकदा जखमेवरून कापूस फिरवून स्वॅब पाठवला होता, त्याचा रिपोर्ट "त्वचेवरचे नेहमीचे जंतू" असा आला आणि सगळे निश्चिंत झाले.

या स्वॅबबद्दल थोडं बोलायलाच हवं. जखमेच्या तोंडावरून घेतलेल्या स्वॅबमध्ये त्वचेवर राहणारे जंतू उगवणारच. आपल्या सगळ्यांच्या अंगावर ते असतात. आत, धातू आणि हाडाच्या मध्ये कोण बसलंय हे त्यावरून कळत नाही. असे स्वॅब आमच्याकडे सारखे येतात, आम्ही लावतो, रिपोर्ट देतो, आणि तो रिपोर्ट वाचून कोणीतरी चुकीच्या जंतूवर औषध सुरू करतं किंवा काहीच नाही असं समजतं. जखम आतपर्यंत, सांध्यापर्यंत पोचत असेल तर तेवढ्यावरच सांध्यात इन्फेक्शन आहे असं धरायचं असतं. त्याला दुसऱ्या पुराव्याची गरज नसते. प्रश्न उरतो तो जंतू कोणता, एवढाच.

मला हे सगळं कळलं ते भाचीच्या डोहाळजेवणाला. आत्या खुर्चीत बसली होती, पाय स्टुलावर. तिच्याशी बोलता बोलता मी उलटा हात आधी डाव्या गुडघ्याला लावला, मग उजव्याला. उजवा स्पष्ट गरम होता. ऑपरेशननंतर काही महिने गुडघा थोडा कोमट राहतो हे खरं, पण हा तसा नव्हता, आणि जखमेचं टोक लालसर, आत ओढल्यासारखं दिसत होतं.

"आत्या, यातलं पाणी कोणी काढलं का गं तपासायला?"

"पाणी कशाला काढतायत? आता सुकलंय की. ती शेवटची गोळी चांगली लागू पडली बघ. एकेक गोळी केवढ्याला होती माहितेय?"

लिनेझोलिड लागू पडलं यात नवल नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत ते राखीव गटात आहे, म्हणजे दुसरा इलाज उरत नाही तेव्हासाठी जपून ठेवायचं औषध. ते घराजवळच्या दवाखान्यातून, जंतूचं नावही माहीत नसताना, टाक्याच्या रिअ‍ॅक्शनसाठी दिलं गेलं होतं. त्याने आतले जंतू दबले होते. मेले नव्हते.

का मेले नव्हते, ते समजून घेण्यासारखं आहे. शरीरात शिरलेल्या जंतूंशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी लढतात. धातूला आणि प्लास्टिकला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे तिथे चिकटून बसलेल्या जंतूपर्यंत त्या पेशी धड पोचत नाहीत. 1957 साली लंडनमध्ये एलेक आणि कॉनेन या दोघांनी स्वयंसेवकांवर एक प्रयोग केला होता. कातडीखाली नुसते स्टॅफ टोचले तर पू व्हायला लाखोंच्या संख्येने लागत. पण कातडीत रेशमाचा एक टाका असेल तर काही शेकडाच पुरे होत. एका धाग्याने एवढा फरक पडतो, आणि इथे तर अख्खा गुडघा धातूचा.

चिकटलेले जंतू स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतात. त्याला बायोफिल्म म्हणतात. सकाळी दात घासायच्या आधी जीभ दातांवर फिरवली की जो थर लागतो, तोही बायोफिल्मच. आतल्या थरातले जंतू जवळजवळ झोपलेले असतात, वाढत नाहीत, आणि आपली बरीचशी अँटिबायोटिक्स वाढणाऱ्या जंतूंनाच मारतात. एरवी जेवढ्या औषधाने जंतू मरतो त्याच्या शेकडो पट औषधही इथे कमी पडू शकतं. तेवढं कोणाला देणार? गोळी बाहेर भटकणारे जंतू मारते, जखम सुकते, थर तसाच राहतो. गोळी संपली की थरातून पुन्हा जंतू बाहेर.

हा थर एका दिवसात पक्का होत नाही, आणि त्यातच पेशंटची संधी असते. पहिल्या काही आठवड्यांत सर्जनने गुडघा उघडला, आतून खरवडून स्वच्छ धुतला, दोन धातूंच्या मधली प्लास्टिकची चकती बदलली, तर बऱ्याच जणांचा मूळ सांधा वाचू शकतो. महिना उलटून गेला की ती शक्यता झपाट्याने कमी होत जाते आणि मग धातूच काढावा लागतो. आत्याचे ते पहिले आठवडे सेफिक्झिम आणि ऑगमेंटिनमध्ये गेले. मला राग येतो तो या आठवड्यांचा. औषधाचे पैसे गेले ते गेले, पण ते दिवस परत मिळत नाहीत.

सांध्याच्या इन्फेक्शनची कामं नेहमी करणाऱ्या दुसऱ्या सर्जनकडे आम्ही तिला नेलं. त्यांनी एक्स-रे आणि शरीरातली सूज दाखवणाऱ्या ईएसआर, सीआरपी या रक्ततपासण्या केल्या आणि गुडघ्यातून पाणी काढलं. ते गढूळ होतं. पांढऱ्या पेशी वाढलेल्या, त्यातल्या बहुतेक पू करणाऱ्या. कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, मात्र कोरं. नो ग्रोथ. दादा खूश झाला, "जंतू नाहीयेत म्हणजे!" मला त्याला बसवून सांगावं लागलं की अरे, जंतू लपलेत. लिनेझोलिड अजून अंगात आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचा 2007 सालचा अभ्यास आहे: ऑपरेशनच्या आधीच्या चौदा दिवसांत अँटिबायोटिक घेतलेलं असेल, तर इन्फेक्शन असलेल्या सांध्याच्या टिश्यूच्या कल्चरमधून जंतू सापडण्याचं प्रमाण 45 टक्क्यांवर येतं. निम्म्याहून अधिक वेळा जंतू आहे, आणि रिपोर्ट म्हणतो नाही.

सर्जन म्हणाले, सगळी अँटिबायोटिक्स बंद. किमान दोन आठवडे काहीही नाही, मग पुन्हा पाणी काढू. घरात हलकल्लोळ झाला. वाहणारी जखम आणि औषध बंद? वहिनीला रात्री झोप लागेना. हा निर्णय डॉक्टरांनी आत्याला तपासून, तिला ताप नाही, बीपी ठीक आहे, लघवी नीट होते आहे हे बघून घेतला होता. कुणी वाचून आपल्या मनाने चालू औषध बंद करू नये, म्हणून हे मुद्दाम लिहितेय. थंडी वाजून ताप, असंबद्ध बोलणं, बीपी पडणं यातलं काही असेल तर तिथे वाट बघायची नसते. रक्त कल्चरला घेऊन लगेच, त्याच तासात, औषध सुरू करायचं असतं.

जखम अर्थातच पुन्हा वाहायला लागली. दुसऱ्यांदा काढलेलं पाणी तिथेच, पेशंटच्या शेजारी, रक्ताच्या कल्चरच्या बाटलीत भरलं गेलं आणि आमच्याकडे आलं. पहिल्या दोन दिवसांत काही नाही. असे नमुने आम्ही चौदा दिवस ठेवतो, कारण सांध्यातले जंतू सावकाश उगवतात. मशिनने सिग्नल दिला तेव्हा बाटली मीच काढली. थेंब काचेवर घेऊन जंतू रंगवणारा ग्रॅम स्टेन केला. जांभळे गोल जंतू, घोसाघोसाने. स्टॅफ. ब्लड अगरवर, म्हणजे रक्त घातलेल्या प्लेटवर, दुसऱ्या दिवशी टाचणीच्या डोक्याएवढ्या पांढऱ्या कॉलनी, भोवतीचं रक्त न फोडणाऱ्या. प्लाझ्माच्या नळीत टाकल्या, प्लाझ्मा गोठला नाही. म्हणजे स्टॅफ ऑरियस, या घराण्यातला जास्त घातक जंतू, नाही. ओळख आली स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस, आपल्या सगळ्यांच्या कातडीवर मुकाट राहणारा.

या जंतूशी आमचं जुनं भांडण आहे. तो उगवला की पहिली शंका येते, हा कातडीवरचा चुकून आलाय का? म्हणूनच ऑपरेशनच्या वेळी एका तुकड्यावर भागत नाही. पाच वेगवेगळ्या जागांचे पाच टिश्यू, पाच वेगळ्या डब्यांत, पाच वेगळ्या स्वच्छ चिमट्यांनी घ्यायचे. एकात उगवला तर शंका, दोन किंवा अधिक ठिकाणी तोच उगवला तर खात्री. आत्याच्या पाचपैकी चार डब्यांत तोच निघाला.

मग सेन्सिटिव्हिटी, म्हणजे कोणतं औषध चालतं ते बघणं. मुलर हिंटनच्या प्लेटवर जंतूचा पातळ गालिचा अंथरायचा, त्यावर औषध लावलेल्या कागदाच्या छोट्या गोल चकत्या ठेवायच्या आणि रात्रभर उबेला ठेवायचं. औषध चालत असेल तर चकतीभोवती स्वच्छ गोल पडतो, त्याचा व्यास मोजायचा. मी प्लेट उजेडासमोर धरली. पेनिसिलीनच्या चकतीला जंतू अगदी खेटून उगवला होता. सेफॉक्सिटिनचा गोल बारीकसा, या जंतूला लागतो त्या 25 मिलिमीटरच्या पुष्कळच आत. या एका चकतीवरून मेथिसिलीनचा निकाल लागतो: रेझिस्टंट, म्हणजे औषधाला न जुमानणारा. एरिथ्रोमायसिन, सिप्रो, जेंटामायसिन, तिन्ही रेझिस्टंट. लिनेझोलिडचा गोल रुंद, स्वच्छ. व्हँकोमायसिनचं चकतीवरून स्टॅफच्या बाबतीत सांगता येत नाही, त्याची एमआयसी, म्हणजे जंतूची वाढ थांबवणारी कमीत कमी मात्रा, वेगळी काढावी लागते. ती चालेल अशी आली. तेव्हा कुठे मी श्वास सोडला.

मेथिसिलीनला रेझिस्टंट याचा अर्थ पेनिसिलीनच्या घराण्यातलं काहीही आणि जवळजवळ सगळी सेफलोस्पोरिन्स निकामी. जंतूकडे मेक-ए नावाचं जनुक असतं, ते अशी प्रथिनं बनवतं की ज्यांना ही औषधं चिकटतच नाहीत. सेफिक्झिम आणि ऑगमेंटिन आत्याच्या गुडघ्यातल्या या जंतूला पहिल्या दिवसापासून काहीच करू शकत नव्हती. पहिल्याच आठवड्यात सुई घातली असती तर हे तेव्हाच कळलं असतं. त्या गोळ्यांनी एक काम मात्र चोख केलं: आतड्यातले, कातडीवरचे साधे जंतू मारले आणि अशा चिवट जंतूंना जागा करून दिली. सेफिक्झिम 2014 पासून शेड्यूल एच-वन या औषधांच्या कडक यादीत आहे. ते देताना केमिस्टने डॉक्टरांचं आणि पेशंटचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं असतं. दादाने दुसऱ्यांदा ते जुन्या चिठ्ठीवर आणलं, कोणी काही विचारलं नाही.

आत्याचा धातूचा गुडघा काढला. त्या जागी सिमेंटचा स्पेसर बसवला, त्यात व्हँकोमायसिन मिसळलेलं. हाडाचं सिमेंट घट्ट होताना चांगलंच तापतं, म्हणून उष्णतेत टिकणारी मोजकीच औषधं त्यात घालता येतात. हा स्पेसर जागा धरून ठेवतो आणि आतल्या आत औषध सोडत राहतो. सोबत शिरेतून व्हँकोमायसिन. ते घाईने दिलं तर अंग लाल होतं, खाज सुटते, म्हणून तासाभराहून जास्त वेळ सावकाश चालायचं. मूत्रपिंडावर लक्ष ठेवायला क्रिएटिनिन सारखं तपासायचं. घरी सोडल्यावर टायकोप्लॅनिन, दिवसाला एकदा. दंडातल्या पिक लाइनमधून, म्हणजे शिरेत ठेवलेल्या लांब नळीतून, ते द्यायला नर्स यायची. रविवारी ती नसली की वहिनी द्यायची. हात धुणं, टोपण पुसणं, आधी सलाइनने लाइन फ्लश, मग औषध, मग पुन्हा फ्लश. बी.कॉम. झालेल्या, बँकेत नोकरी करणाऱ्या आमच्या वहिनीची ती शिस्त बघून मला आमच्या लॅबमधल्या मुलांना तिच्याकडे पाठवावंसं वाटायचं.

दादाने एकदा विचारलं होतं, गोळ्यांवर नाही का भागणार? प्रश्न रास्त आहे. 2019 साली ब्रिटनमध्ये हाडांच्या आणि सांध्यांच्या इन्फेक्शनच्या 1,054 पेशंटवर झालेला ओव्हिवा नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिले सहा आठवडे गोळ्या दिल्या काय किंवा शिरेतून दिलं काय, वर्षभरानंतरचा निकाल सारखाच आला. पण त्या गोळ्या इन्फेक्शनच्या तज्ज्ञांनी निवडलेल्या होत्या, आणि निवडायला जंतू हातात लागतो. आत्याच्या जंतूवर गोळीत चालण्यासारखं होतं ते मुख्यतः लिनेझोलिड, ते दोन आठवड्यांच्या वर गेलं की प्लेटलेट्स खाली येऊ शकतात, आणि तिच्या आधीच कमी होत्या. म्हणून शिरेतून.

किती दिवस द्यायचं, यावरही वाद होता. फ्रान्समधला 2021 चा डॅटिपो अभ्यास आहे, सहा आठवडे की बारा. सहा आठवड्यांच्या गटात इन्फेक्शन टिकून राहण्याचं प्रमाण जास्त निघालं. तो फरक मुख्यतः सांधा न काढता नुसता धुतलेल्यांमध्ये ठळक होता. आत्याचा सांधा काढलेला होता, तरी आमच्या डॉक्टरांनी सीआरपीकडे बघत थोडं वाढवलं.

स्पेसरचे ते महिने तिने कसे काढले ते तीच जाणे. पाय धड वाकत नाही, त्यावर भार द्यायचा नाही. कमोडची खुर्ची पलंगाशेजारी. आषाढात पालख्या पुण्यात आल्या. वाड्यात असताना ती दरवर्षी लक्ष्मी रोडवर दर्शनाला उभी राहायची. या वेळी टीव्हीवर. मी गेले त्या दिवशी ती म्हणाली, "माझं एक ऐक. त्या जंतूचं नाव मला कागदावर मराठीत लिहून दे. कुणी विचारलं तर मला सांगता आलं पाहिजे." मी लिहून दिलं. तिने ते फाइलच्या पहिल्या पानावर चिकटवलं. त्यानंतर मूत्रपिंडाचे डॉक्टर असोत, भूलतज्ज्ञ असोत, कोणाच्याही पुढे ती फाइल उघडून आधी तेच पान दाखवते.

खर्चाचं एकच सांगते. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतीवर सरकारने ऑगस्ट 2017 मध्ये मर्यादा आणली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमच्या सांध्याची मर्यादा तेव्हा 54,720 रुपये ठरली, जीएसटी वेगळा. हे चांगलं झालं. पण सांधा बिघडल्यावर जे लागतं, दोन मोठी ऑपरेशनं, इंजेक्शनं, नर्स, तपासण्या, त्यातलं बरंच दादाने एफडी मोडून केलं. विम्याची वर्षाची मर्यादा पहिल्या ऑपरेशनलाच निम्मी संपली होती.

दुसरं ऑपरेशन, नवा सांधा बसवण्याचं, पावसाळ्यानंतर झालं. त्या वेळचे पाचही टिश्यू चौदा दिवस ठेवले, काही उगवलं नाही. या कोऱ्या रिपोर्टवर विश्वास ठेवता आला, कारण आधी पुरेसे दिवस औषध बंद होतं. आत्या आता काठी घेऊन सोसायटीत फेऱ्या मारते. गुडघा नव्वद अंशांच्या आसपास वाकतो, पुढे नाही. पूजा खुर्चीत बसून करते. जमिनीवर बसता येत नाही याचं तिला फार वाईट वाटतं, आणि ते वाईट वाटणं बरोबर आहे.

तुमच्या घरात असं कोणी असेल तर: जखम ओली दिसली त्याच दिवशी ज्याने ऑपरेशन केलं त्या सर्जनला गाठा, ड्रेसिंगचा फोटो काढून पाठवा, ते नसतील तर त्यांच्या जागी कोण आहे ते विचारा. मधल्या कोणी गोळ्या लिहून दिल्या तर, "सांध्यातलं पाणी आधी तपासायला घ्यायचं का?" एवढं सर्जनला विचारूनच पुढे जा. डॉक्टरांना यात अपमान वाटायचं कारण नाही, आणि वाटला तरी विचारा. कल्चरला जाणाऱ्या फॉर्मवर शेवटची गोळी कोणती आणि कधी घेतली ते स्वतः उभं राहून लिहवून घ्या. सगळे रिपोर्ट, कोरे आलेले सुद्धा, जपून ठेवा. एक गोष्ट मात्र याच्या उलट आहे: ऑपरेशनला चीर द्यायच्या आधीच्या तासाभरात शिरेतून दिलेला अँटिबायोटिकचा डोस. तो हवाच, त्याने इन्फेक्शन खरोखर टळतं. डिस्चार्ज कार्डावर सर्रास लिहिल्या जाणाऱ्या पुढच्या आठवड्याभराच्या गोळ्यांनी मात्र जास्तीचं काही संरक्षण मिळत नाही. ऑपरेशन संपल्यावर असा डोस लांबवू नये असंच जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये सांगितलंय.

डावा गुडघा अजून तसाच झिजलेला आहे. तो करायचा की नाही यावर घरात दोन तट आहेत. मी करावा या बाजूची आहे, कारण दुखणं रोजचं आहे आणि या वेळी आम्हाला काय विचारायचं ते माहीत आहे. सर्जननी आत्तापासून कामं लावून दिली आहेत. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए1सी) सातच्या आसपास आणायची. नाकातला स्वॅब तपासायचा; स्टॅफ ऑरियस निघाला तर नाकात मुपिरोसिनचं मलम आणि क्लोरहेक्सिडिनने अंघोळ. मागचा जंतू बघता नेहमीच्या सेफाझोलिनसोबत व्हँकोमायसिनही द्यायचं, आणि ते सावकाश चालतं म्हणून थिएटरमध्ये नेण्याच्या बरंच आधी सुरू करायचं, हे भूलतज्ज्ञांच्या कागदावर लिहिलं गेलंय. दोन किडलेले दात आधी काढायचे आहेत. त्यासाठी पुढच्या आठवड्यात दातांच्या डॉक्टरांकडे जायचंय. दात काढण्याआधी अँटिबायोटिक द्यायचं का, हे दातांचे डॉक्टर आणि सर्जन फोनवर बोलून ठरवणार आहेत, कारण सांधा बदललाय म्हणून ते प्रत्येकाला सरसकट द्यावं असं नाही. आत्याने दोघांचे नंबर वहीत लिहून ठेवलेत.